कानातला माग

सात रस्त्याच्या ऐन गर्दीत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, सोलापुरातली सगळ्यांत शांत खोली होती आणि ती माझ्या ताब्यात होती. कानाच्या डॉक्टरांकडे मी ऐकण्याची तपासणी करायचे. नोकरीला लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, सोडली तेव्हा मुलीचं लग्न होऊन गेलं होतं. मधली सगळी वर्षं मी त्या खोलीच्या काचेबाहेर एका स्टुलावर बसून काढली.

खोली कसली, मोठं कपाटच. भिंतींना जाड स्पंज, खाली गालिचा, आणि दार इतकं जड की म्हाताऱ्या माणसाला आतून ढकलायचं म्हणजे मलाच हात लावावा लागे. पेशंटला आत खुर्चीवर बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात एक बटण द्यायचं. बाहेर बसून मी यंत्रातून एकेक स्वर सोडायचे. जाड, मध्यम, बारीक. आधी मोठा, मग लहान, मग अगदी असून नसल्यासारखा. ऐकू आला की त्यांनी बटण दाबायचं, माझ्यासमोर दिवा लागायचा. कुठला स्वर किती लहान होईपर्यंत ऐकू येतो त्याच्या खुणा कागदावर करत गेलं की त्या माणसाच्या कानाचा नकाशा तयार होतो. बघणाऱ्याला पोरखेळ वाटतो, पण नकाशा वाचता येऊ लागला की माणूस कुठं काम करतो, घरात त्याचं कुणाशी वाजतं, हेसुद्धा बरंचसं कळतं.

माणसांना ती खोली सोसत नसे. आपल्याला वाटतं, शांतता म्हणजे विश्रांती. पण दार बंद झालं की कानाला धरायला बाहेरचं काहीच उरत नाही, आणि मग तो आतलं ऐकू लागतो. रक्त वाहतं ते ऐकू येतं. मान वळवली तर मणके वाजतात. आमच्या शुक्रवार पेठेतल्याच एक निवृत्त शिक्षिका तपासणीला आल्या होत्या. दार लावून मिनिटही झालं नसेल, त्यांनी काच ठोकली. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाल्या, आत माझ्या मागं कुणीतरी श्वास घेतंय. मी त्यांना समजावलं की तो तुमचाच श्वास आहे. खात्री पटावी म्हणून मीही आत गेले, दार ओढून घेतलं आणि त्यांना श्वास रोखायला सांगितला. त्यांनी रोखला. मी विचारलं, थांबला का? त्यांनी डोळे मोठे करून मान हलवली. नाही. तो माझा श्वास होता, एवढं साधं होतं ते. पण ते लक्षात येईपर्यंत माझेही हात गार पडले होते.

उलट एक बँडवाला होता, लग्नात ट्रम्पेट वाजवणारा. तपासणी झाली तरी तो आतून उठेना. दार उघडून पाहिलं तर गाढ झोपलेला. पुढं लग्नसराईत तो अधूनमधून यायचा आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन आत पंधरा-वीस मिनिटं बसायचा. तेवढ्यानं त्याचा चेहरा धुऊन काढल्यासारखा व्हायचा. म्हणजे एकच खोली, आणि एकाला ती देवघरासारखी, दुसऱ्याला भुताटकीची. कुणाला ती कशी लागेल ते आधी सांगता येत नसे.

आमच्याकडं सगळ्यांत जास्त यायचे ते मागावरचे कामगार. चादरी, टॉवेल विणणारे. यंत्रमागाच्या शेडमध्ये ज्यांनी पाऊल टाकलंय त्यांना सांगायला नको. तिथं आवाज कानानं ऐकायचा नसतो, तो छातीत वाजतो. त्यात वीस-तीस वर्षं काढलेल्या माणसाचा नकाशा मी डोळे मिटून काढला असता. जाड स्वर शाबूत, आणि बारीक स्वरांकडं गेलं की रेघ एकदम दरीत कोसळते. त्या दरीत पहिल्यांदा पडतात पाखरं. चिमणी चिवचिवलेली कळेनाशी होते, पण घरात कुणाच्या ते लक्षात येत नाही. मग नातवंडांचं बोलणं जातं, मग सुनेचं. ट्रकचा आवाज मात्र नीट ऐकू येतो, त्यामुळं घरच्यांना वाटतं म्हातारा सोंग करतोय. मी हे सगळं मोजू शकत होते. भरून आणू शकत नव्हते. गेलेलं ऐकणं परत येत नाही हे सांगायचं काम डॉक्टरांचं होतं, पण लोक बाहेर येऊन तोच प्रश्न पुन्हा मला विचारायचे.

राजय्या असेच आले. मी निवृत्त होण्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. उंच, वाळलेला माणूस, पांढरं धोतर, पांढरा सदरा. बरोबर बायको, बालामणी. बालामणी विड्या वळायची, बोटांची टोकं तंबाखूनं तपकिरी झालेली. घरात तेलुगू, पण दोघांचं मराठी अस्सल सोलापुरी. घराच्या मागच्या शेडमध्ये त्यांचे स्वतःचे माग होते. मुलगा पुण्याला गेला, धंदा बसला, माग भंगारात गेले. शेड रिकामी झाली त्याच आठवड्यापासून राजय्यांची झोप गेली होती.

ते म्हणाले, ‘‘माग गेलं की बाई. पण कानातला चालूच हाय.’’

यात नवल काही नव्हतं. ऐकण्याच्या नसा थकल्या की कान स्वतःच आवाज तयार करतो. कुणाला शिट्टी, कुणाला रातकिडे, कुणाला कुकरची वाफ. मी त्यांना आत बसवलं, हेडफोन लावले आणि नेहमीप्रमाणे यंत्र सुरू करण्याआधी काचेतून पाहिलं. समोरचा दिवा लागला. मी अजून एकही स्वर सोडला नव्हता. दिवा विझला, पुन्हा लागला. पुन्हा विझला. राजय्या डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा अंगठा बटणावर एकाच लयीत पडत होता, अगदी सावकाश नाही, घाईनं नाही. कामाला लागलेल्या माणसासारखा. मी हेडफोनची वायर यंत्रातून काढून टाकली. तरी दिवा लागतच राहिला. चुकून बटण दाबणारे मी पुष्कळ पाहिले होते. लयीत दाबणारा एकच.

दार उघडल्यावर मी त्यांना हातानं थांबायची खूण केली आणि सावकाश, ओठ दिसतील असं विचारलं, काय ऐकू येत होतं? ते म्हणाले, माग. मग जरा थांबून म्हणाले, मागाच्या खाली दुसरं पण येतं, हाक येते. ‘तम्मुडू’ म्हणून. तम्मुडू म्हणजे तेलुगूत धाकटा भाऊ.

ती हकिकत बालामणीनं सांगितली. राजय्यांचे थोरले भाऊ मल्लय्या, त्यांना ते अन्ना म्हणत. दोघं तरुणपणी एका कारखान्यात शेजारशेजारच्या मागांवर, एकमेकांकडं पाठ करून उभे राहत. एका दुपारी राजय्यांना पाठीमागं काहीतरी खटकलं म्हणून त्यांनी वळून पाहिलं. मल्लय्यांचा माग चालू होता, धागा तुटलेला, कापडावर भोकं पडत चाललेली, आणि मल्लय्या मागाला टेकून खाली बसलेले. गेलेले. किती वेळ झाला होता कुणालाच सांगता आलं नाही. छातीत कळ आली तेव्हा त्यांनी हाक मारली असणार. पाठीमागं दोन हातांवर सख्खा भाऊ उभा होता.

राजय्या बायकोच्या ओठांकडं बघत होते. तिचं झाल्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मी नंतर डॉक्टरांनाही जसंच्या तसं सांगितलं.

‘‘कारखान्यात मी अन्नाचा आवाज कधी ऐकलाच न्हाय, बाई. तितं ओठ बघायचं, बोटं बघायची. कुणाचाच आवाज ऐकू येत न्हाय तितं. मग आता हा येतो तो कुटनं येतो?’’

आमच्याकडं या त्रासावर ठरलेला सल्ला होता. एकदम शांत जागी राहू नका. पंखा लावून झोपा, रेडिओ बारीक चालू ठेवा. बाहेरचा मऊ, एकसारखा आवाज असला की कान आतलं कमी ऐकतो. पुष्कळांना त्याचा उपयोग व्हायचा. राजय्यांना पंख्यात शब्द ऐकू यायला लागले. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती चार-आठ दिवस लागू पडली आणि मग नाही. महिन्याभरानं बालामणी एकटीच आली. खुर्चीवर बसली तरी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, पहाटे उठून रिकाम्या शेडच्या दारात उभे राहतात. काल मला जाग आली तर दारात नव्हते, हैदराबाद रोडला सापडले. कडेनं चालत निघाले होते. कुठं चाललात विचारलं तर म्हणाले, लांबून येतोय आवाज, जवळ जाऊन बघतो.

त्या बाईला परत ‘पंखा लावा’ सांगायला माझी जीभ वळेना. मी तिला माझंच औषध सांगितलं.

हे मी कुणाला सांगत नसे. दिवसभर बारीक स्वर सोडून सोडून शनिवारी माझ्याही कानात ते वाजत राहायचे. माझे यजमान गेल्यावर तर घरातही काही थांबेना. नळ वाजला की यंत्र वाजल्यासारखं वाटायचं. अशा वेळी मी रविवारी सकाळची एसटी धरून माहेरी जायची. आमचं गाव वैरागच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. गावाच्या वर माळ आहे. पीक घेण्यासारखा नाही, नुसतं गवत, तरवड, बोरीची झुडपं आणि मधूनमधून वर आलेला खडक. माझे थोरले भाऊ, दादा, तिथं शेरडं चारतात. एका लिंबाखाली त्यांची खोप आहे. मी तिथं जाऊन आडवी व्हायची. वारा गवतातून जातो त्याचा आवाज, चंडोल वर चढत गात जातो त्याचा आवाज, आणि दादा तासातासानं एखादं वाक्य बोलणार. संध्याकाळी उतरताना माझ्या कानांत काहीही नसे. ती जागा मी कुणाला दिली नव्हती. राजय्यांना दिली.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, न्या, बिघडायला आता राहिलंय काय, फक्त एकटं सोडू नका.

उन्हं तापायला लागली होती, गवत वाळून पिवळं झालं होतं. दादांनी आम्हाला माळावर नेलं आणि पहिल्यांदा बोटानं एक बाजू दाखवून बजावलं.

‘‘तिकडं जाऊ नगा. तितं जुनी हीर हाय, कठडा न्हाय. गवतानं तोंड झाकलंय.’’

राजय्या लिंबाखाली बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. दुपारपर्यंत तो उतरत, आक्रसत गेला. त्यांनी दोन्ही तळवे कानांवर दाबले, मग काढले, मग पुन्हा दाबले. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चंडोल गात होता, वारा सुटला होता, गवत सळसळत होतं, मला सगळं ऐकू येत होतं. पण गवत आणि पाखरं म्हणजे सगळे बारीक स्वर. त्यांच्या कानाला यातलं एकही पोचत नव्हतं. माझ्यासाठी जो माळ होता तो त्यांच्यासाठी माझी ती साउंडप्रूफ खोली होती, फक्त भिंती नसलेली. अंत नसलेली.

परत जायला शेवटची एसटी सातनंतर होती. वहिनींनी बांधून दिलेल्या भाकरी खाल्ल्या, बालामणी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली. दिवस मावळला तसं आम्ही आवरायला घेतलं. मी आणि दादा घोंगडी झाडत होतो, बालामणी खोपेमागं ताटल्या घासत होती. मी वळून पाहिलं तर लिंबाखाली कुणी नव्हतं.

ते गवतातून चालले होते. अजून उजेड होता, पांढरं धोतर स्पष्ट दिसत होतं. भटकल्यासारखे नव्हते चालले. भोंगा झाल्यावर कामावर निघालेला माणूस जसा सरळ, नेमका चालतो तसे चालले होते. विहिरीच्या बाजूला.

आणि मला माग ऐकू आला.

मी हे शपथेवर सांगते. टक, टक, टक, टक, एकसारखा, कोरडा, लाकडावर लाकूड पडल्यासारखा, मग घाई होऊन एक थरथर, थोडा वेळ काही नाही, आणि पुन्हा टक, टक. त्या माळावर विजेचा खांबसुद्धा नाही. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले होते की आवाज तुमच्या कानात आहे, बाहेर नाही. हा बाहेर होता.

दादांनी घोंगडी टाकली. ‘‘रातवा हाय त्यो,’’ ते पळता पळता म्हणाले. ‘‘पाखरू हाय. भिऊ नगं.’’

रातवा मी पूर्वी ऐकला असेन, पण मी नेहमी दिवस मावळायच्या आत उतरायची. पाखरू आहे हे कळूनही मी पळतच राहिले, कारण राजय्यांनाही तो ऐकू जात होता. त्याचा आवाज जाड, ठोक्याचा. त्यांच्या नकाशात जेवढी जमीन उरली होती बरोबर तेवढ्यात तो पडत होता. सगळ्या माळावर त्यांच्या कानाला पोचणारी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती विहिरीकडून येत होती. आम्ही हाका मारत होतो. त्या पोचणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांच्या कानाची तपासणी मीच केली होती.

बालामणी माझ्या शेजारून धावत होती ती मध्येच थांबली. राजय्या मोठ्यानं काहीतरी बोलत होते. ‘‘वस्तुन्ना, अन्ना. वस्तुन्ना.’’ ती तिथंच उभी राहिली. नंतर मला तिनं त्याचा अर्थ सांगितला. येतोय, दादा, येतोय.

दादा अजून पन्नास-साठ पावलं मागं असतील. तेवढ्यात राजय्यांच्या अगदी पायातून काहीतरी उठलं. वाळक्या पाल्याचा तुकडा वाऱ्यानं उडावा तसं, जरासुद्धा आवाज न करता, त्यांच्या छातीसमोरून तिरकं गेलं आणि पलीकडं गवतात दिसेनासं झालं. ठोके बंद झाले. राजय्या एक पाय पुढं टाकलेला तसाच ठेवून उभे राहिले. मग तो पाय त्यांनी मागं घेतला आणि खाली बसले.

आम्ही पोचलो. त्यांच्यासमोर गवत होतं, आणि दोन हात पलीकडं त्या गवताखाली जमीन नव्हती. दादांनी एक दगड टाकला. तो पडल्याचा आवाज यायला जो वेळ लागला तो मला अजून आठवतो.

राजय्यांनी आमच्याकडं पाहिलं, एकेकाकडं, ओळख पटल्यासारखं. ‘‘बंद झाला,’’ ते म्हणाले. दुसरं काही नाही. आणि तिथंच गवतावर कुशीवर होऊन झोपले. माणूस झोपेत शिरतो तसे नाही, पडतो तसे झोपले. आम्ही त्यांना उचलून मागं घेतलं तरी त्यांना जाग आली नाही. दादा विहिरीच्या आणि त्यांच्या मध्ये बसून राहिले. बालामणीनं पदरानं नवऱ्याच्या पायांवरची कुसळं काढायला सुरुवात केली आणि एकेक करून सगळी काढली.

चांदणं पडल्यावर ते उठले आणि त्यांनी जेवायला मागितलं. त्या रात्री आम्ही गावातच राहिलो. वहिनींच्या चुलीपुढं बसून त्यांनी पोटभर खाल्लं आणि मग मला म्हणाले, ‘‘मी येतो म्हटलं की. तर त्यानं ऐकलं, आणि ग्येला.’’

दवाखान्याच्या भाषेत याचं उत्तर आहे. बाहेरचा आवाज आतल्या आवाजाशी जुळला आणि एकदम तुटला, तर कान काही वेळ गप्प होतो. आम्ही ते यंत्रावर करूनही बघायचो. पण यंत्रावर कान गप्प होतो तो जेमतेम मिनिटभर. राजय्यांचा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गप्प होता, आणि परत आला तेव्हा, त्यांच्याच शब्दांत, ‘‘शेजारच्या गल्लीत ग्येल्यावानी’’ आला.

त्यानंतर ते जातच राहिले. आठवड्यातून एकदा दोघं नवराबायको वैरागची एसटी धरायचे. मला जमेल तेव्हा मीही. राजय्यांनी पहिलं काम केलं ते विहिरीचं. आधी दादांबरोबर बाभळीच्या फांद्या तोडून भोवती कुंपण घातलं, मग माळावरचे दगड वेचून वेचून कमरेइतकी भिंत रचली. मागावरचा हात, भिंतसुद्धा ओळंब्यात. उन्हानं रंग रापला, अंग धरलं. दुपारी ते लिंबाखाली झोपायचे. पावसाळ्यात गवत हिरवं होऊन छातीशी आलं तेव्हा गवत कापायला शिकले. पाखरांचं त्यांना काही ऐकू येत नसे, म्हणून ते बघायला शिकले. जमिनीवर बसलेला रातवा दादांनाही दिसत नाही, मातीवर माती ठेवावी तसा तो असतो. राजय्यांना दिसायचा. त्यांचं बोट जाईल तिकडं मी बराच वेळ बघत राहायची, आणि मग मातीला एक डोळा फुटायचा.

वर्षानं पुन्हा तपासणी केली. नकाशात केसाचाही फरक नव्हता. पण मी स्वर सोडत नसताना माझ्यासमोरचा दिवा एकदाही लागला नाही. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, आणि गमतीनं नाही, खरंच विचारलं, कुठं आहे म्हणालात तो माळ?

सगळं मात्र सुटलं नाही. थंडीत रातवा ओरडत नाही, दादांनीच सांगितलं होतं. पौष महिना असावा, आम्ही चौघं खोपेपुढं बसलो होतो. चहा झाला होता. राजय्यांनी एकदम हात वर करून आम्हाला गप्प केलं आणि विहिरीकडं मान केली. म्हणाले, आज हाय तितं. दादा म्हणाले, या दिवसांत त्यो न्हाय बोलत. मी कान देऊन ऐकलं. वाराही नव्हता. काहीच नव्हतं. बालामणी विडी वळत होती, तिचा हात थांबला होता; पानं संपली असतील असं मला वाटलं. राजय्या थोडा वेळ तिकडं बघत बसले, भीती नव्हती त्यांच्या तोंडावर. मग हळू आवाजात तेलुगूत चार शब्द बोलले, दारात आलेल्या घरच्या माणसाला बसायला सांगावं तसे, आणि दादांना गवताच्या गंजीचं विचारायला लागले.

ते गेले गेल्या वर्षी, सोलापुरात, घरी, दुपारच्या झोपेत. मी तोवर निवृत्त झाले होते. दिवसकार्याला गेले तेव्हा बालामणीनं माझा हात धरून मला शेजारी बसवून घेतलं. मुलगा तिला पुण्याला नेणार होता. ती गेली, दोन महिन्यांत परत आली. उन्हाळा लागला आणि एके सकाळी माझ्या दारात उभी राहिली. बारीक झाली होती. डोळ्यांखाली काळं. झोप गेल्याची ती खूण मला चांगली ठाऊक होती. म्हणाली, बाई, माळावर जाऊ या.

आम्ही गेलो. दादा आता थकलेत, शेरडं दुसऱ्याकडं दिली आहेत, पण आमच्याबरोबर वर आले. दिवसभर ती फारसं बोलली नाही. संध्याकाळी, उजेड पिवळा होत आला तशी ती विहिरीच्या भिंतीपाशी गेली आणि दगडांवर हात ठेवून बसली. मीही शेजारी बसले. आणि तो सुरू झाला. टक, टक, टक. अगदी जवळ.

बालामणी तिकडं न बघताच बोलायला लागली.

‘‘ते खोटं बोलत नव्हते, बाई. मल्लय्याभावजींची हाक. मला पण ऐकू यायची.’’

मी तिच्याकडं पाहिलं.

‘‘घरी. रिकाम्या शेडमधून. हितं पण, थंडीच्या दिवसात. मी कधी बोलले नाही. आपल्या एकट्यालाच येतंय असं वाटायचं म्हणून ते थांबले. दोघांना येतंय म्हटलं असतं, तर खरंच समजून हाकेमागं गेले असते की.’’

राजय्या तपासणीला यायचे त्या दिवसांत, एकदा वेळ होता म्हणून, मी तिचीही तपासणी केली होती. विड्या वळणाऱ्या बाईच्या कानाला मागावरच्या माणसासारखा मार बसत नाही. घरामागं माग होते तरी तिच्या वयाला नवल वाटावं इतके शाबूत कान होते तिचे. आतून आवाज तयार करतील असे ते कान नव्हते. मी शिकलेलं सगळं मनातल्या मनात एकदा चाळून पाहिलं आणि त्यात तिला देण्यासारखं काही सापडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, आणि आता?

तिनं दगडावरचा हात काढून मांडीवर घेतला. ‘‘हे गेले त्या दिवसापासून काहीच नाही. घर इतकं गप्प आहे की झोप येत नाही.’’

पाखरू ठोके टाकत होतं. ती ऐकत राहिली, मग भिंतीला टेकली, मग तिथंच पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाली. तिचा श्वास लांब होत गेलेला मला ऐकू आला. दादांनी खोपेतून घोंगडी आणून तिच्या अंगावर घातली आणि उठवायचं का, असं माझ्याकडं बघितलं. खाली रस्त्यावर सोलापूरची शेवटची एसटी हॉर्न देत वळण घेत होती. मी नको म्हणून मान हलवली. एसटी गेली, तिचे दिवे लांब जाऊन दिसेनासे झाले, आणि आम्ही दोघं भाऊबहीण बालामणीच्या दोन बाजूंना बसून राहिलो.